सैंधव आण

संस्कृत शास्त्रग्रंथांत एक धनी आहे आणि त्याचा एक सेवक आहे. दोघांनाही नाव नाही. धनी म्हणतो, ‘सैंधव आण’. आणि सेवक कधी मीठ घेऊन येतो, कधी घोडा घेऊन येतो. सैंधव म्हणजे सिंधुदेशीचे. मीठही तिकडचे आणि घोडाही तिकडचा. धनी पाटावर जेवावयास बसला असेल तर मीठ आणावयाचे, आणि पागोटे घालून बाहेर निघाला असेल तर घोडा. शब्द तोच, उच्चार तोच, बोलणारा तोच. अर्थ मात्र प्रसंग पाहून ठरावयाचा. एवढ्याशा आज्ञेवर शेकडो वर्षे वाद झाले, टीका लिहिल्या गेल्या, विद्यार्थ्यांच्या परीक्षा झाल्या.

बोलून काम सांगता यावे असे घरगुती यंत्र घडविण्याची खटपट सध्या देशोदेशी चालू आहे. त्या यंत्रास चालता येते, वस्तू उचलता येते, दाराची कडी काढता येते. ‘सैंधव आण’ म्हटल्यावर घोडा की मीठ, हे कळणे मात्र त्याला अजून जड जाते. हा प्रश्न नवा आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याची एक जुनी शाळा गोदावरीच्या काठी होती.

छत्रपती संभाजीनगराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर पैठण आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी रामेश्वरभट्ट नावाचे विद्वान ते गाव सोडून काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट ह्यांचा जन्म १५१३ चा. नातू शंकरभट्ट ह्यांनी ‘मीमांसाबालप्रकाश’ लिहिला. पणतू कमलाकरभट्ट ह्यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ साली पुरा झाला. कमलाकरांचे पुतणे विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट ह्यांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यांनीच मीमांसेवर ‘भाट्टचिंतामणि’ रचला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ह्या पैठणकर घराण्याची पिढीजात विद्या जी मीमांसा, ती म्हणजे एका परीने आज्ञेचे शास्त्रच होय. वेद म्हणतो, अमुक करावे. सांगणारा समोर नाही. त्याला उलट विचारण्याची सोय नाही. तेव्हा शब्दांवरून, त्यांच्या क्रमावरून, मागच्यापुढच्या प्रकरणावरून नेमके काय करावयाचे ते ठरवावे लागे, आणि चूक झाली तर सारे कर्म फुकट जाई.

ह्या शास्त्रातले एक उदाहरण तर मोठे मनोहर आहे. लहान मूल अंगणात खेळत आहे. घरातील वडील माणूस दुसऱ्या मोठ्या माणसास म्हणतो, ‘गाय आण’. तो जातो आणि गळ्याखाली पोळी लोंबणारे एक जनावर दावे धरून आणतो. मुलाला ‘गाय’ कळत नाही आणि ‘आण’ही कळत नाही, ह्या आवाजामागून ही हालचाल झाली, एवढेच कळते. थोड्या वेळाने वडील म्हणतात, ‘गाय बांध, घोडा आण’. आता एक शब्द जागचा हलला, एक नवा आला. जनावर तेच राहून क्रिया बदलली, आणि क्रिया तीच राहून जनावर बदलले. असे दहा वेळा झाले म्हणजे पोर कोणी न शिकवता दोन्ही शब्द उचलते. एक शब्द घालून व एक काढून अर्थ हुडकण्याच्या ह्या रीतीला शास्त्रकार आवाप आणि उद्वाप म्हणतात. प्रभाकराच्या मताचे मीमांसक तर असे म्हणत की, मनुष्य भाषा शिकतो ती मुळी आज्ञेवरूनच. काही करा असे सांगितल्यावाचून शब्दाचा अर्थ उमगावयाचाच नाही. इतर पंडितांनी ह्या मतावर पुष्कळ कोरडे ओढले आहेत. परंतु यंत्राला भाषा शिकविणारे आजचे शास्त्रज्ञ जेव्हा त्याच्यासमोर हजारो वेळा पेला उचलून दाखवितात आणि त्याच वेळी ‘पेला उचल’ हे शब्द त्याला देतात, तेव्हा ते प्रभाकराच्याच अंगणात बसलेले असतात.

वाक्य कळावयास काय काय लागते ह्याचीही मोजदाद झालेली होती. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ असे नुसते म्हटले तर वाक्य होत नाही, कारण एका शब्दाला दुसऱ्याची आकांक्षा नाही. ‘आण’ हा शब्द सकाळी आणि ‘गाय’ हा दुपारी उच्चारला तर त्यांचे वाक्य होत नाही, कारण सन्निधि नाही. ‘विस्तवाने झाडे शिंप’ हे व्याकरणाने बिनचूक आहे, पण विस्तवात शिंपण्याची योग्यता नाही. आणि ही तिन्ही असूनही ‘सैंधव’ अडतेच. तेथे बोलणाऱ्याचे तात्पर्य पाहावे लागते. ते कशावरून पाहावयाचे? भर्तृहरीने त्याच्या खुणांची यादीच दिली आहे: प्रकरण, स्थळ, काळ, औचित्य, शेजारचा शब्द, वस्तूचे सामर्थ्य, उच्चारातील स्वर, आणि आणखी काही. हातवारेही शास्त्राच्या नजरेतून सुटले नाहीत. शरीराच्या खुणेला ‘चेष्टा’ असे नाव असून, प्रत्यक्ष व अनुमान ह्यांच्या पंक्तीला तिला स्वतंत्र प्रमाण म्हणून बसविणारेही काही निघाले. हल्लीच्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा झाली, हे त्या शब्दाचे नशीब.

ह्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मात्र कोणीच केली नाही. मीठ की घोडा हे ज्याने ठरविले, त्या सेवकाची बुद्धी कोणी वाखाणली नाही. पंडितांनी ते श्रेय शब्दशक्तीला दिले, प्रकरणाला दिले, वक्त्याच्या तात्पर्याला दिले. सेवकाने धन्याचा चेहरा पाहिला, वेळ पाहिली, पायांत जोडा आहे की नाही हे पाहिले, आणि मग पाऊल उचलले. ही मेहनत त्याच्या मुशाहिऱ्यात धरलेली नव्हती.

यंत्राच्या सेवकाची कल्पनाही आपल्याकडे जुनीच. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ह्या अकराव्या शतकातील ग्रंथात यंत्रांवर एक सबंध अध्याय आहे. विडा पुढे करणाऱ्या, पाणी शिंपणाऱ्या, आरसा धरणाऱ्या, वाद्य वाजविणाऱ्या लाकडी पुतळ्या त्यात आहेत, दारावर पहारा करणारे यांत्रिक पुरुष आहेत. कृती मात्र पुरती दिलेली नाही. ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी वगळली, असा खुलासा ग्रंथकाराने करून ठेवला आहे. हा खुलासा ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. येथे पाहण्याजोगे इतकेच की, ह्या पुतळ्या काम करतात, पण त्यांना कोणी काही सांगत असल्याचे दिसत नाही. कळ फिरली की विडा पुढे येतो. घेणारा विडा खातो की नाही ह्याची पुतळीला फिकीर नाही.

तसला एक मुका सेवक छत्रपती संभाजीनगरात उभा आहे. बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्याच्या आवारातील पानचक्की अठराव्या शतकात फकीर, विद्यार्थी व वाटसरू ह्यांच्यासाठी दळण दळीत असे. डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणून एका उंच भिंतीत चढवावयाचे, तेथून खाली सोडावयाचे, आणि त्याच्या लोटाने पाती फिरून वर जाते फिरावयाचे, अशी ती रचना. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी वसविली, त्याच्या काळापासून ह्या गावात नहरींची विद्या मुरलेली होती. पानचक्कीला आज्ञा दोनच: पाणी सोडले आणि पाणी तोडले. जात्यात गहू आहे की खडे, हे तिला विचारता येत नव्हते. पुढे १९८५ साली ह्याच शहराजवळ वाळूजला दुचाकी गाड्यांचा मोठा कारखाना निघाला, औद्योगिक वसाहत वाढली, आणि यथाकाल वेल्डिंग करणारे यांत्रिक हात आले. ते पोलादी हात पानचक्कीचेच वंशज. ते अचूक आहेत, अविश्रांत आहेत, आणि जाळीच्या आत आहेत. कारण मध्ये माणूस आला तर ‘थांब’ हा शब्द त्यांना ऐकू येत नाही.

कारखान्यात हे चालते. घरात चालत नाही, आणि मराठी घरात तर मुळीच चालत नाही. ‘सैंधव’ हा शब्द आता औषधाच्या पुडीपुरता उरला. पण त्याची जागा ‘पान’ ह्या शब्दाने भरून काढली आहे. ‘पान आण’ हे अकरा वाजता म्हटले तर केळीचे. जेवण आटोपल्यावर म्हटले तर विड्याचे. पोथी वाचताना म्हटले तर सुटलेले पृष्ठ. आणि पूजेच्या तयारीत असताना म्हटले तर बेलाचे. ‘पाने घेतली’ असा आतून आवाज आला म्हणजे कोणी काही घेतलेले नसून, जेवावयास उठावे असा त्याचा अर्थ. बाहेर जाणारा माणूस उंबऱ्यावर ‘येतो’ असे म्हणतो. ‘जातो’ म्हणणे अशुभ. शब्दाला शब्द लावणारे यंत्र दारात असेल तर ते पाहुण्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन येईल आणि दार उघडे ठेवील. दिवा ‘विझव’ म्हणत नाहीत, ‘शांत कर’ म्हणतात; रडणाऱ्या मुलालाही शांतच करावयाचे असते. हातातली बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’. आणि पंगतीत भातही वाढतात.

पंगतीचा विषय निघालाच आहे तर आग्रहाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पाहुणा ‘नको’ म्हणतो. पहिले ‘नको’ हे रीतीचे असते. त्यावर थांबणारी यजमानीण कद्रू ठरते. दुसरे ‘नको’ जरा लांबट असते. तेव्हा अर्धी पोळी वाढावी. तिसऱ्या वेळी पाहुणा ताटावर आडवा हात धरतो आणि पुढे वाकतो. तेथे मात्र वाढणाऱ्याने खरोखर थांबावे. आणि हात आडवा असूनही बोटे फाकलेली असली, नजर श्रीखंडाच्या भांड्याकडे असली, तर अनुभवी वाढपी बोटांच्या फटीतून चमचाभर सोडतो आणि पाहुणा खूश होतो. येथे शब्द एक सांगतो, हात दुसरे सांगतो, नजर तिसरे सांगते, आणि तिन्हींचा मेळ वाढप्याने अर्ध्या क्षणात घालावयाचा असतो. माणसाच्या इच्छेविरुद्ध वागू नये, असा कडक नियम घालून दिलेले यंत्र पहिल्या ‘नको’लाच परत फिरेल, आणि आग्रह शिकविलेले यंत्र मधुमेही म्हाताऱ्याच्या खऱ्याखुऱ्या ‘नको’वरही जिलबी वाढील. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट, हे सांगावयास नकोच.

हा ‘नको’ शब्द तर ह्या शहराचा खास साक्षीदार आहे. गुलमंडीच्या वाड्यातून तो शहागंजच्या घरांत गेला आणि दखनी बोलीत ‘नक्को’ होऊन बसला. वली दखनीसारखा कवी ज्या गावाने पाहिला, त्या गावाच्या स्वयंपाकघरांत मराठी, दखनी आणि उर्दू ह्यांचा असा काला कधीचा झालेला आहे. हौद, सुरई, तबक, कंदील हे शब्द मराठी घरांनी परके मानले नाहीत. येथल्या घरात वाढलेल्या माणसाने एकाच वाक्यात तीन भाषा वापरल्या तरी ऐकणारा गडबडत नाही. यंत्राला मात्र आधी विचारावे लागते, कोणती भाषा निवडणार?

पाश्चात्त्य देशांतील इतिहास ह्या मानाने अगदी अलीकडचा. ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक ह्या चेक लेखकाच्या नाटकातून जगात पसरला. नाटक १९२० साली छापले गेले, १९२१ साली प्राग शहरात रंगभूमीवर आले. शब्द सुचविला तो लेखकाचा भाऊ योसेफ ह्याने. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावयाचे काम. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: वेठ. निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्याला १९४८ पर्यंत तो शब्द कोशात पाहावा लागत नव्हता. ‘यंत्रमानव’ हे भाषांतर भारदस्त खरे, पण त्यात मूळ शब्दातला घाम नाही.

१९२७ साली अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीने टेलिव्हॉक्स नावाचे यंत्र दाखविले. टेलिफोनवरून विशिष्ट सूर काढला की ते विजेची बटणे दाबी. १९३९ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात त्याच कंपनीचा इलेक्ट्रो नावाचा सात फुटी पुतळा आला. निवेदक तोंडाजवळ फोन धरून हुकूम सोडी आणि पुतळा चालू लागे; लोक थक्क होत. प्रत्यक्षात तो शब्द ऐकतच नव्हता. उच्चारांचे ठोके तेवढे मोजीत होता. तितक्याच ठोक्यांत त्याला शिव्या दिल्या असत्या तरी तो तसाच चालला असता! खरी सुरुवात १९७० च्या सुमारास झाली. टेरी विनोग्राड ह्या संशोधकाने मॅसॅच्युसेट्समध्ये असा संगणक-कार्यक्रम रचला की, पडद्यावरील ठोकळ्यांच्या लहानशा जगात ‘तो उचल’ म्हटल्यावर ‘तो’ म्हणजे कोणता हे मागच्या बोलण्यावरून त्याला कळे, आणि न कळल्यास कोणत्या ठोकळ्याविषयी बोलणे आहे ते समजत नाही असे तो चक्क सांगे. १९८० मध्ये तेथेच रिचर्ड बोल्ट ह्यांनी वाणीला हाताची जोड दिली: खुर्चीत बसून भिंतीएवढ्या पडद्याकडे बोट करावयाचे आणि म्हणावयाचे, ‘ते तिथे ठेव’. मराठी आजीबाई फडताळाकडे हात करून ‘ते हे जरा तिकडे सरकव’ म्हणतात, तोच हा प्रकार.

मग घरांत बोलके डबे आले. २०१४ मध्ये अमेझॉनचे इको निघाले. २०१८ मध्ये गूगलचा साहाय्यक मराठीत बोलू लागला. आणि २०२२ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी दाखविलेला एक प्रयोग तर पैठणच्या भट्टांनी पाहावयास हवा होता. माणूस म्हणतो, माझे पेय सांडले, काही मदत होईल का? ह्यात आज्ञा नाहीच. पण यंत्राच्या एका अंगाला भाषेचे ज्ञान होते. सांडल्यावर काय काय उपयोगी पडेल ते त्याने सुचविले. दुसऱ्या अंगाला आपल्या हाताचे व समोरच्या वस्तूंचे ज्ञान होते. सुचविलेल्यांपैकी ह्या घडीला काय जमेल ते त्याने तोलले. दोन्हींचा गुणाकार होऊन यंत्र पुसावयाचा स्पंज घेऊन आले. एक अंग आकांक्षा पाहणारे, दुसरे योग्यता पाहणारे. २०२३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ व गूगल येथील मंडळींनी आणखी एक पाऊल टाकले. ‘वाडगा मायक्रोवेव्हमध्ये ठेव’ असे सांगितले आणि समोर एक धातूचा, एक प्लॅस्टिकचा असे दोन वाडगे असले, तर अंदाजाने एक उचलण्याऐवजी यंत्राने ‘कोणता?’ असे विचारावे, ह्याचे गणित त्यांनी बसविले. मीमांसकांना वेदाला परत विचारता येत नव्हते. ह्या यंत्राला ती मोकळीक मिळाली. चांगल्या गड्याची पारख जुन्या बायका नेमकी ह्यावरूनच करीत: प्रत्येक गोष्ट विचारणारा नको, आणि काहीच न विचारणारा तर मुळीच नको.

तरीही ‘यंत्राला कळले’ असे म्हणताना जरा सावध राहिलेले बरे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात केंपेलेनने बुद्धिबळ खेळणारा तुर्की पुतळा आणला. तो मोठमोठ्यांना हरवी, आणि त्याच्या पेटीत एक जिवंत खेळाडू दडलेला असे. जुन्या कचेऱ्यांतील छताच्या पंख्याचेही तसेच. साहेबाला वारा लागे; दोरी ओढणारा मनुष्य बाहेर पडवीत बसलेला असे आणि साहेबाच्या कागदपत्रांत पंख्याचा उल्लेख होई, त्याचा होत नसे. २०१९ मध्ये उघडकीस आले की, अमेझॉनच्या बोलक्या डब्यांनी घरोघरी टिपलेल्या बोलण्याचे काही नमुने माणसे ऐकत होती आणि न कळलेले शब्द यंत्राला समजावून देत होती. ही माणसे अमेरिकेत होती, कोस्टारिकात होती, रुमानियात होती आणि भारतातही होती. घरधन्याला वाटे, डबा ऐकतो. पडवीत कोणी बसले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. २०२५ च्या ऑक्टोबरात ‘वन-एक्स’ ह्या कंपनीने ‘निओ’ नावाचा घरगुती यंत्रमानव विक्रीस जाहीर केला, तेव्हा निदान हे उघडपणे सांगितले: एखादे काम त्याला उमजत नसेल, तर घरमालकाच्या संमतीने कंपनीचा मनुष्य दुरून त्याच्या डोळ्यांनी घर पाहील आणि त्याच्या हातांनी ते काम करील. म्हणजे मीठ की घोडा हे ठरविण्यासाठी अजूनही कोणीतरी माणूस लागतोच. फक्त तो माजघरातून उठून समुद्रापलीकडच्या कचेरीत बसला आहे, आणि घराला त्याचे तोंड दिसत नाही.

पैठणला मात्र दुसऱ्याच एका सेवकाची कथा सांगतात. एकनाथमहाराजांच्या वाड्यात श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षे राहिला. कावडीने गोदेचे पाणी आणून रांजण भरी, सहाणेवर चंदन उगाळी, सांगण्याआधीच काम ओळखून करी. महिपतीने भक्तचरित्रांत ही कथा गायिली आहे. द्वारकेहून एक ब्राह्मण देवाचा शोध करीत पैठणला आला आणि श्रीखंड्या कोठे म्हणून विचारू लागला. तेव्हा गडी नाहीसा झाला आणि तो प्रत्यक्ष कृष्ण होता हे नाथांना कळले. न सांगता समजणारा सेवक म्हणजे देवच असला पाहिजे, असे लोकांनी धरले. तो मनुष्यही असू शकेल असे म्हणण्यापेक्षा ते सोपे होते. फाल्गुनात तुकाराम बीजेपासून नाथांच्या वाड्यातील तो रांजण भरावयास अजून सुरुवात होते. बायाबापड्या घागरी घेऊन रांग लावतात, आणि कितीही पाणी ओतले तरी गर्दीत मिसळून आलेल्या श्रीखंड्याची घागर रिती झाल्यावाचून तो भरून वाहावयाचा नाही, अशी समजूत आहे. म्हणून नाथषष्ठीच्या आधीच्या त्या दिवसांत घागर घेऊन आलेल्या कोणालाही, मग तो कसाही कपडा ल्यालेला असो, दारातून परत लावीत नाहीत.